व्याह्यांची लाल बादली

आमचे व्याही पहिल्यांदा राहायला आले तेव्हा चपला काढायच्या आधी त्यांनी आमचं चपलांचं कपाट बघितलं. ते दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये होतं. त्यांनी त्याला हात लावला, वाकून मागे डोकावले आणि म्हणाले, "हे लाकडाचं आहे. आत घ्या, नाहीतर टाकून द्या." मी दारात भाकरतुकडा घेऊन उभी होते. तो ओवाळावा की ठेवून द्यावा, मला कळेना. शेवटी ओवाळला. प्रवासातून आलेला माणूस, वेडा असला तरी ओवाळायला लागतो.

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. परदेशात, चोआ चू कांग नावाच्या वस्तीत, एका उंच ब्लॉकच्या नवव्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. मुलगा, सून, नात आणि मी, आम्ही चौघं तिथे राहत होतो. ते आले आणि पाच झालो. त्याआधी बरीच वर्षं ते आणि त्यांची बायको ऑस्ट्रेलियात मुलाकडे होते. गावाबाहेर टेकडीच्या कडेला घर, चहूकडे झाडं. तिथे उन्हाळा लागला की रान पेटतं. पत्र्याच्या पन्हळी साफ करायच्या, घराभोवतीचं वाळकं गवत कापायचं, दाराशी बॅग भरून ठेवायची, हे तिथे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. आपण उन्हाळ्यात पापड घालतो तसं. बायको गेल्यावर ते मुलीकडे, म्हणजे आमच्याकडे आले. माणूस इथे आला, पण उन्हाळा तिकडचाच घेऊन आला.

सकाळी उठले की आधी कॉरिडॉर झाडायचे. नवव्या मजल्यावर कुठला पालापाचोळा? तरी झाडायचे. माझ्या तुळशीचं एक वाळकं पान खाली पडू द्यायचे नाहीत. एसीच्या बाहेरच्या कट्ट्यावर कबुतराने चार काड्या आणून ठेवल्या होत्या, त्या त्यांनी केरसुणीला काठी बांधून काढल्या. कबुतर परत आणायचं, हे परत काढायचे. दोघांपैकी एकानेही हार मानली नाही. हॉलचे पडदे त्यांनी उतरवले. सून म्हणाली, बाबा, समोरच्या ब्लॉकमधून सगळं दिसतं. ते म्हणाले, दिसू दे, आपण काय चोरी करतो?

नात तेव्हा अकरा वर्षांची होती. ती इथल्या पोरांच्या बोलीत म्हणायची, "आजोबा, काँक्रीट आहे लाह. काँक्रीट डझंट बर्न."

"काँक्रीट नाही जळत. सोफा जळतो. तू कशावर बसली आहेस?"

ती उठून उभी राहायची आणि मग दोघंही हसायची. तिचं आणि त्यांचं चांगलं जमायचं. माझं जमायचं नाही.

त्यांचं एक वाक्य होतं. दिवसातून एकदा तरी ऐकायला मिळायचं. "आग मागाहून येते विहीणबाई, ठिणगी आधी येते." मी भाजी निवडत असले, कपडे वाळत घालत असले, तरी मागे येऊन हे सांगणार. मी म्हणायचे, येऊ दे, आली की चहा देऊ.

आणि ती लाल बादली. प्लास्टिकची, झाकण नसलेली, पाण्याने भरलेली. ती त्यांच्यामागून घरभर फिरायची. मी गॅस लावला की ती स्वयंपाकघराच्या दारात. मी देवाला निरांजन लावलं की देव्हाऱ्याशी. रोज पाणी बदलायचे, डास होतात म्हणून दंड बसतो इथे. जुनं पाणी तुळशीला घालायचे. तुळस बाकी झकास वाढली.

चिनी लोकांचा पितरांचा महिना येतो तेव्हा ब्लॉकखाली लोखंडी पिंप ठेवतात. लोक त्यात कागदाच्या वस्तू जाळून आपल्या गेलेल्या माणसांना पाठवतात. आमच्या शेजारच्या चिनी आंटी आपल्या नवऱ्यासाठी कागदी कपडे, बूट जाळायच्या, एकदा तर कागदी टीव्ही. आमचे व्याही बादली घेऊन त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. पिंपातून उडालेला कपटा पडला की पायाने दाबायचे. मला वाटलं, आता भांडण होणार. झालं उलटंच. आंटींना वाटलं, हा म्हातारा आपल्या नवऱ्याला पाणी घेऊन आला. त्यांनी वर येऊन संत्री दिली आणि मला सांगितलं, "युवर अंकल व्हेरी गुड हार्ट." मी म्हटलं, माझे नाहीत, सुनेचे आहेत. एवढं इंग्रजी मला येतं. व्याह्यांनी संत्री खाल्ली आणि आंटींचा गैरसमज दूर केला नाही.

घरातली कामं मात्र त्यांना येत नव्हती. आयुष्यभर बँकेत खिडकीमागे बसलेला माणूस. ऑस्ट्रेलियात शेजाऱ्याचं बघून बघून हातोडी धरायला शिकले, असं म्हणायचे. काय बघितलं देव जाणे. त्यांनी लावलेली फळी उतरती असायची. हॉलमध्ये एक धुराची घंटा आधीच होती. त्यांनी आणखी आणून लावल्या, त्यातली एक स्वयंपाकघराच्या तोंडाशी. मी मिरचीची फोडणी दिली की ती किंचाळायची. मग ते वर्तमानपत्र घेऊन तिला वारा घालायचे. मी सांगितलं, या घरात फोडणी राहील नाहीतर घंटा. दुसऱ्या दिवशी ती घंटा आपणच वरणात पडली, कारण तीही त्यांनीच लावलेली होती. तो प्रश्न तसा सुटला.

पण त्यांनी एक गोष्ट सोडली नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते आमच्याकडून आगीची तालीम करून घ्यायचे. शिट्टी वाजवली की सुनेने गॅस बंद करायचा, मुलाने दारं बघायची, नातीने फोन घ्यायचा. त्यांनी स्वतः दाराशी ठेवलेली बॅग घ्यायची. तिच्यात सगळ्यांचे पासपोर्ट, औषधं, बॅटरी आणि बिस्किटं. माझं काम सगळ्यात सोपं. "तुम्ही काही उचलायचं नाही. फक्त बाहेर पडायचं." लिफ्ट वापरायची नाही. माझे गुडघे गेलेले, तरी नऊ मजले उतरायचं. ते माझ्यापुढे एक पायरी खाली चालायचे. म्हणायचे, "पडलात तर माझ्यावर पडा." ते माझ्याहून बारीक होते. मी पडले असते तर दोघंही गेलो असतो. मुलगा कंटाळून म्हणायचा, आई, तू तरी त्यांना सांग. मी म्हटलं, तुझे सासरे आहेत, तू सांग. कोणीच सांगितलं नाही.

मग नवरात्र आलं.

आमच्याकडे नवरात्रात अखंड दिवा असतो. माझ्या सासूबाईंनी मला तो हातात दिला आणि म्हणाल्या, नऊ दिवस ही ज्योत विझू द्यायची नाही. बाकी तुला काही येत नसलं तरी चालेल. मी चौथी शिकलेली. मंत्र मला येत नाहीत, पोथी अडखळत वाचते. पण दिवा मला येतो. लग्न झाल्यापासून एकाही वर्षी विझलेला नाही. बाळंतपणात नाही, नवरा गेला त्या वर्षी नाही, इथे आले तेव्हाही नाही.

व्याह्यांचं म्हणणं, घरात ज्योत एकटी ठेवायची नाही. माझं म्हणणं, नऊ दिवस ती विझणार नाही. आता यात मधला रस्ता कुठला? मुलाने बॅटरीचा दिवा आणला. मी तो नातीला खेळायला दिला. व्याही म्हणाले, मी मुलीकडे राहतो, घर तुमचं आहे, पण दिवा लागला तर मी इथे झोपू शकणार नाही. मी म्हटलं, नका झोपू. मला खरंच तसंच म्हणायचं होतं.

तेव्हा सुनेने मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. एका वर्षी ऑस्ट्रेलियात वणवा टेकडी उतरून आला, तेव्हा निघायला थोडाच वेळ होता. तिच्या आईने देव घ्यायला देव्हाऱ्याकडे हात केला. ते देव त्यांच्या माहेरचे, चांदीचे, अंगठ्याएवढे. बाबा म्हणाले, देव स्वतःचं बघतील, तू गाडीत बस. त्या बसल्या. घर गेलं, देवही गेले. दुसरं घर घेतलं, पण त्यात त्यांनी देव्हारा केलाच नाही. सकाळी आंघोळ करून एका भिंतीसमोर नुसत्या उभ्या राहायच्या आणि मग चहा ठेवायला जायच्या. नवऱ्याला एका शब्दाने बोलल्या नाहीत. पुढे वारल्या त्या मधुमेहाने.

मी म्हटलं, बरोबरच केलं त्यांनी. माणूस आधी. मीही तेच सांगितलं असतं. दुसऱ्याला सांगताना असंच वाटतं.

घटस्थापनेला मी समई लावली. ते बादली घेऊन आले आणि खुर्ची टाकून समोर बसले. मी कामाला उठले की ते बसायचे, ते जेवायला उठले की मी. म्हणजे त्यांचं म्हणणंही राहिलं आणि माझंही. देवीला त्यांनी एकदाही हात जोडले नाहीत. त्यांचं सगळं लक्ष वातीवर.

त्या वर्षी हेझ फार होता. पलीकडे इंडोनेशियात रान पेटतं आणि त्याचा धूर समुद्र ओलांडून इथे येतो. समोरचा ब्लॉक पुसट दिसत होता. खिडक्या बंद, घरात हवा साफ करायचं यंत्र घरघरत होतं. सगळ्याला जळका वास, कपड्यांना, उशीला, दुधाला. व्याह्यांची काय अवस्था झाली ते सांगायला नको. दर थोड्या वेळाने उठून घरभर हुंगत फिरायचे.

त्यातच त्या यंत्राच्या वाऱ्याने पंचाईत केली. अखंड दिव्याची वात काजळली की बदलायला लागते. तेव्हा आधी त्याच ज्योतीवरून लहान निरांजन लावून बाजूला ठेवायचं. वात बदलताना समई गेलीच, तर निरांजनातली ज्योत असते. मी निरांजन लावलं की वाऱ्याने ते फडफडायचं. व्याह्यांनी दोनदा बघितलं. मग ते त्यांच्या खोलीत गेले आणि ठोकाठोक ऐकू यायला लागली. बाहेर आले ते बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन. वरती भोकं, धरायला तार, एका बाजूला खिडकी कापून तिला काच. डबा वाकडा होता, काच मात्र नीट बसली होती. निरांजन आत ठेवलं, ज्योत हलली नाही. नात म्हणाली, "सो अग्ली, आजोबा." ते म्हणाले, चालतं की नाही ते सांग.

नंतर त्यांच्या खोलीत केर काढताना मला दिसलं. बायकोच्या फोटोची चौकट होती, फोटो होता, काच नव्हती. त्या दिवसापासून तो फोटो ते रोज फडक्याने पुसायचे, काच नसल्यामुळे धूळ बसते म्हणून.

अष्टमीच्या दुपारी मुलगा आणि सून ऑफिसात होते. नात शाळेतून आली होती. व्याही दिव्यापुढे बसलेले एकदम उभे राहिले. म्हणाले, "हा पाल्याचा धूर नाही. हा प्लास्टिकचा आहे." मी म्हटलं, बसा हो, आठवडाभर धूरच आहे. त्यांनी दार उघडलं. लिफ्टच्या बाजूने काळा धूर कॉरिडॉरमध्ये येत होता. आमच्याकडे प्रत्येक मजल्यावर लिफ्टजवळ कचरा टाकायचं झाकण असतं, आतून कचरा सरळ तळाला जातो. कोणीतरी त्यात पेटतं काहीतरी टाकलं होतं आणि सगळ्या मजल्यांवरून धूर निघत होता. लोक ओरडत दुसऱ्या टोकाच्या जिन्याकडे निघाले होते.

ते म्हणाले, "विहीणबाई, चला."

"तुम्ही पोरीला घेऊन पुढे व्हा. मी दिव्याशी आहे."

"विझवा आणि चला."

"विझणार नाही तो."

नात रडायला लागली, माझा पदर ओढायला लागली. मी खुर्चीत बसले. मला वाटलं, आता ते म्हणणार, देवी स्वतःचं बघेल. माझ्याकडे उत्तर तयार होतं, आणि ते उत्तर त्यांना लागलं असतं. ते उभे राहून समईकडे बघत राहिले. मग वळले आणि पत्र्याचा डबा घेऊन आले. वाकून निरांजन समईवरून लावलं. घाईत तूप सांडलं. निरांजन आत ठेवून त्यांनी डबा बंद केला.

"आता समई शांत करा," ते म्हणाले. "घरात ज्योत एकटी राहणार नाही."

एवढे दिवस 'विझवा, विझवा' करणारा माणूस. मी समई शांत केली आणि उठले.

कॉरिडॉरमध्ये डोळे चुरचुरत होते. नात पुढे, मग ते, मग मी. त्यांच्या एका हातात डबा उंच धरलेला, दुसऱ्या हाताने कठडा. मी थांबले की तेही थांबायचे. माझ्यापुढे एक पायरी खाली. या वेळी "माझ्यावर पडा" म्हणाले नाहीत. म्हणाले, "पडू नका. हातात दिवा आहे."

खाली सगळा ब्लॉक जमला होता. अग्निशमनवाले आले होते. त्यातला एक कोवळा पोरगा डबा बघून आला आणि म्हणाला, अंकल, हे विझवा. व्याही म्हणाले, "कॅनॉट." त्याने परत सांगितलं. व्याह्यांनी परत तेच सांगितलं. जन्मभर जे सगळ्यांना बजावत आले, तेच तो पोरगा त्यांना बजावत होता, आणि हे ऐकत नव्हते. तेवढ्यात शेजारच्या आंटी मध्ये पडल्या. "प्रेइंग वन. कॅनॉट ऑफ," पूजेचा दिवा आहे, विझवायचा नाही, असं त्याला दरडावून त्यांनी आपली छत्री उघडली आणि वाऱ्याच्या बाजूला धरली. पोरग्याने आमच्या तिघांकडे बघितलं. मग आम्हाला माणसांपासून आणि गवतापासून लांब, सिमेंटच्या मोकळ्या जागेत जाऊन उभं राहायला सांगितलं.

व्याही त्याला म्हणाले, "मग पाणी द्या." त्याने स्वतःची बाटली दिली. त्यांनी डबा खाली ठेवला, बाटलीचं झाकण काढून ती शेजारी ठेवली, आणि मग ते खाली बसले.

नात त्यांच्याकडे बघत होती. "आजोबा, बॅग?"

बॅग वर राहिली होती. सगळ्यांचे पासपोर्ट, औषधं, बॅटरी, बिस्किटं, सगळं वर. इतके रविवार आमचे गुडघे मोडून शेवटी ही गत. मी हसले. मला हसू आवरेना. ते म्हणाले, "हसा. हातच दोन. एक कठड्याला लागतो."

आग कचऱ्याच्या नळातच विझली. कोणाच्या घरात गेली नाही. आम्ही वर आलो. त्या निरांजनावरून मी समई लावली. त्या नवरात्राची ज्योत तीच राहिली. दसऱ्याला मी त्यांना सोनं दिलं आणि वाकून नमस्कार केला नाही, कारण ते माझ्याहून लहान होते. पण पानात पहिला श्रीखंडाचा वाडगा त्यांचा ठेवला. त्यांनी बघितलं. दुसरा पण मागितला.

नंतरही ते बदलले नाहीत. पहिल्या रविवारी शिट्टी वाजायचीच. फक्त माझ्या कामात एक भर पडली. "तुम्ही डबा घ्यायचा." बाकी आमचं पूर्वीइतकंच जमायचं, म्हणजे नाही जमायचं.

गेल्या वर्षी ते गेले. दुपारी जेवून खुर्चीत बसले आणि उठलेच नाहीत. मोठा आवाज नाही, धावपळ नाही. मी चहाला हाक मारली तेव्हा कळलं. सून रडली, नात रडली. मी चपलांसाठी जागा केली, लोक येणार होते.

आपल्याकडे माणूस गेला की त्या जागी पीठ पसरून दिवा ठेवतात. तो दहा दिवस तेवत ठेवायचा. मी ठेवला, त्यांच्या खुर्चीच्या जागी. मुलगा म्हणाला, आई, फरशीवर आहे, काही होत नाही, तू जाऊन पड. मी गेले नाही. उठून लाल बादली भरली आणि दिव्याच्या शेजारी आणून ठेवली.

भटजी आले, बघून थबकले. "आजी, ही बादली इथे चालत नाही. काढा."

मी म्हटलं, "ज्याचा दिवा आहे, त्याचीच बादली आहे. तुम्ही सुरू करा."